समाजमाध्यम एपीआय : विकसनातील अडचणी

समाजमाध्यमावरील मजकूर, छायाचित्रे, संदेश किंवा खात्यांची माहिती बाहेरच्या आज्ञावलीला ठरावीक रीतीने मागता यावी, तसेच तेथे नवी नोंद करता यावी, यासाठी मालक कंपनीने आखून दिलेल्या व्यवस्थेला समाजमाध्यम एपीआय (ॲप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस) म्हणतात. तिच्या आधारे ॲप किंवा सेवा उभारणाऱ्याला सोसाव्या लागणाऱ्या तांत्रिक, व्यावसायिक व भाषिक अडचणींचा विचार या नोंदीत केला आहे. ‘विकासक’ हा शब्द सोलापुरात प्रामुख्याने बांधकाम व्यावसायिकासाठी रूढ असल्याने येथे ‘डेव्हलपर’ हाच शब्द वापरला आहे. उदाहरणेही मुख्यतः सोलापूरच्या व्यवहारातील आहेत.

उगम : एपीआय या संज्ञेचा पहिला छापील वापर सामान्यतः १९६८ मधील संगणकीय आलेखनावरील एका शोधनिबंधात दाखवला जातो. आयरा कॉटन व फ्रँक ग्रेटोरेक्स हे त्याचे लेखक होत. मात्र संज्ञा आणि संकल्पना यांचे वय एक नाही. केंब्रिज येथील एडसॅक संगणकासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आदींनी १९४०–५० च्या सुमारास उपआज्ञावल्यांचा संग्रह तयार केला आणि तो कसा वापरावा याची लेखी माहितीही सोबत ठेवली. संगणक अभियंता जोशुआ ब्लॉक यांच्या मते कल्पना तेथेच सुप्तावस्थेत होती, नाव नंतर मिळाले. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण आजच्या डेव्हलपरची पहिली तक्रारही त्या लेखी माहितीबद्दलच असते : दस्तऐवजात एक लिहिलेले आणि सर्व्हरचे वागणे निराळे.

वेबवरील एपीआयचा आरंभ २००० साली मानण्यास हरकत नाही. सेल्सफोर्स व ईबे यांनी त्या वर्षी आपापले एपीआय खुले केले आणि त्याच वर्षी रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ ही वेबवरील सेवांची रचनापद्धती मांडली. समाजमाध्यमांपैकी पहिला मान कोणाचा, याबाबत मतभेद आहेत. दुवे जतन करण्याचे डिलिशस (२००३ च्या सुमारास) व छायाचित्रांचे फ्लिकर (२००४) यांना समाजमाध्यम मानले, तर तो मान त्यांच्याकडे जातो. माणसांची परस्परांशी असलेली नाती हाच ज्यांचा मुख्य ऐवज, अशांनाच समाजमाध्यम म्हणायचे ठरवले, तर २००६ च्या उत्तरार्धातील फेसबुक व ट्विटर यांच्यापासून सुरुवात करावी लागते. बाहेरची ॲप फेसबुकवर चालू देणारे फेसबुकचे प्लॅटफॉर्म २४ मे २००७ रोजी आले. त्याला उत्तर म्हणून गूगलने नोव्हेंबर २००७ मध्ये ओपनसोशल हे सामाईक मानक पुढे आणले. भारतात तेव्हा गूगलच्याच ऑर्कुट या समाजमाध्यमाचा जोर होता आणि ऑर्कुट ओपनसोशलवर चालत असे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले.

एकतर्फी बदल : या विषयातील मूळ अडचण तांत्रिक नाही. एपीआय हा दोन समान पक्षांतील करार नसून मालकाने दिलेली परवानगी आहे, आणि ती मागे घेता येते. मजुरीवर विणणाऱ्याचा माग स्वतःचा असला, तरी सूत व्यापाऱ्याचे असते. डेव्हलपरचे तसेच आहे. ट्विटरने ऑगस्ट २०१२ मध्ये बाहेरच्या ॲपना १ लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली. ऑगस्ट २०१८ मध्ये नव्या पोस्ट आपोआप येत राहण्याची, म्हणजे थेट प्रवाहाची सोय काढली, जानेवारी २०२३ मध्ये बाहेरची ॲप तोडली आणि पुढच्या महिन्यात मोफत प्रवेश संपवण्याची घोषणा केली. रेडिट या चर्चास्थळाने १ जुलै २०२३ पासून दर १,००० विनंत्यांना ०.२४ डॉलर दर लावला. रेडिट वाचण्याचे अपोलो हे लोकप्रिय ॲप आदल्या दिवशी बंद झाले. फेसबुक वापरकर्त्यांच्या माहितीच्या गैरवापराचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण मार्च २०१८ मध्ये उजेडात आल्यावर फेसबुकच्याच मालकीच्या इन्स्टाग्रामने पूर्वसूचना न देता दर तासाची विनंतीमर्यादा ५,००० वरून २०० वर आणली. वापरकर्त्यांच्या माहितीचे रक्षण हा या निर्बंधांचा हेतू रास्तच होता. ॲपला परवानगी देणाऱ्याच्या मित्रांची माहितीही पूर्वी मिळत असे. फेसबुकने ती वाट ३० एप्रिल २०१५ रोजी एपीआयची जुनी आवृत्ती बंद करून बुजवली होती. तथापि निर्बंधांचा भार गैरवापर करणाऱ्याइतकाच नेकीने काम करणाऱ्या लहान डेव्हलपरवरही पडला. भारतात यात शासकीय निर्णयाचीही भर पडते : २९ जून २०२० च्या आदेशाने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली आणि त्यांच्याशी जोडलेल्या सेवा निरुपयोगी झाल्या.

टोकन, मर्यादा, पडताळणी : पासवर्ड न देता परवानगी देण्याची ओऑथ पद्धत २००७ मध्ये आली व तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ट्विटरने पासवर्डवर चालणारा जुना मार्ग ऑगस्ट २०१० अखेर बंद केला. फेसबुकचे दीर्घ मुदतीचे टोकनही (पासवर्डऐवजी ॲपला मिळणारी परवानगीची किल्ली) साधारण ६० दिवस टिकते आणि पासवर्ड बदलला की त्याआधीच रद्द होते. दुकानदाराने मोबाइल बदलताना पासवर्ड बदलावा आणि दोन दिवसांनी ‘पोस्ट जात नाहीत’ म्हणून डेव्हलपरला फोन करावा, असा हा नेहमीचा प्रकार आहे. विनंत्यांची मर्यादा ओलांडल्यास सर्व्हर ४२९ क्रमांकाचे (‘विनंत्या फार झाल्या’ असे) उत्तर देतो. तेव्हा लगेच पुन्हा न विचारता दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत जावा लागतो.

फेसबुक–इन्स्टाग्रामच्या बऱ्याच परवानग्यांसाठी ॲपची तपासणी होते. तीत ॲप चालतानाचा व्हिडिओ, गोपनीयता धोरणाचे पान आणि नोंदणीकृत व्यवसायाची कागदपत्रे लागतात. घरातून काम करणाऱ्या एकट्या डेव्हलपरची पहिली अडवणूक येथे होते, कारण त्याच्या नावे फर्म नसते. ग्राहकाच्या फर्मच्या नावे अर्ज करणे, हा त्यावरचा प्रचलित मार्ग आहे. त्यात मालकी ग्राहकाकडे राहते आणि ते योग्यही आहे.

व्हॉट्सॲप : सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक आहे, पण रोजची विक्री फोनवर पाठवलेल्या फोटोंवर चालते. त्यामुळे येथील डेव्हलपरकडे येणारे काम मुख्यतः व्हॉट्सॲप बिझनेस एपीआयचे असते. हा एपीआय ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि मे २०२२ पासून कंपनीच्याच सर्व्हरवर उपलब्ध झाला. ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास मोकळेपणी उत्तर देता येते. त्यानंतर पूर्वमंजूर टेम्प्लेटच (मजकुराचा ठरलेला साचा) पाठवता येते. ‘माल तयार आहे’ हा मजकूर व्यवहारविषयक गटात बसतो. त्यालाच ‘नवीन डिझाइनही आले आहे’ अशी शेपटी जोडली, तर तो जाहिरात ठरून महाग पडतो. १ जुलै २०२५ पासून आकारणी संवादाऐवजी प्रत्येक संदेशावर होत असल्याने हा फरक थेट बिलात दिसतो. शिवाय साध्या ॲपवर चालू असलेला क्रमांक एपीआयला जोडायचा, तर तो आधी ॲपवरून काढावा लागे. बोर्डावर, पिशव्यांवर, बिलांवर छापलेला वर्षानुवर्षांचा क्रमांक फोनवरून काढायला व्यापारी सहजी तयार होत नसे. अलीकडे दोन्हीकडे एकच क्रमांक चालवण्याची सोय झाली आहे.

माध्यमाकडून येणारी सूचना डेव्हलपरच्या सर्व्हरने तत्काळ स्वीकारली नाही, तर तीच पुन्हा पाठवली जाते. प्रत्येक संदेशाचा ओळखक्रमांक जपून आधी पाहिलेला संदेश वगळला नाही, तर पन्नास चादरींची एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाते.

देवनागरी मजकूर : दस्तऐवजांत याबद्दल फारसे लिहिलेले नसते, म्हणून येथे विस्ताराने देत आहोत. ‘सिद्धेश्वर’ या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. लिपींतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ती दहा चिन्हे आहेत (स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र) आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्यांचे ३० बाइट होतात. लांबी मोजताना माध्यम यांतील कोणता आकडा धरते, हे आधी पाहावे. ट्विटरच्या (आताच्या एक्सच्या) मोजणीत युनिकोडमधील ० ते ४३५१ या क्रमांकांच्या चिन्हांना प्रत्येकी एक एकक पडते. देवनागरी, तेलुगू व कन्नड या पट्ट्यात बसतात, त्यामुळे २८० ची मर्यादा मराठीला चिन्हांच्या हिशेबाने लागू होते. मजकूर बाइट मोजून कापला, तर अक्षराचे तुकडे होऊन शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो.

हॅशटॅग शोधण्याचे प्रचलित सूत्रही मराठीत फसते. पायथन या आज्ञावली-भाषेच्या, मजकुरातील नमुने शोधणाऱ्या मूळ ‘री’ संचात शब्दातील चिन्ह म्हणून काना-मात्रा धरल्या जात नाहीत, म्हणून ‘#सोलापूर’ मधून फक्त ‘#स’ हाती येते. मात्रा धरल्या पण हलन्त वगळला, तर ‘#सिद्धेश्वर’ चा ‘#सिद’ होतो. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या पोस्ट गोळा करणाऱ्या आज्ञावलीला अशाने काहीच सापडणार नाही. काना-मात्रा, हलन्त आदी चिन्हांचा संपूर्ण ‘मार्क’ गट आणि अदृश्य जोडचिन्हे सूत्रात घेणे, हा त्यावरचा उपाय आहे. ‘दुसऱ्या’ मधील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे असले, तरी युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ते एक होत नाहीत. शोधापूर्वी हे रूपांतर डेव्हलपरलाच करावे लागते.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधील जुना ‘यूटीएफ८’ प्रकार एका चिन्हाला तीनच बाइट देतो. मराठी त्यात नीट मावते, त्यामुळे चाचणीत दोष दिसत नाही. पण इमोजीला चार बाइट लागतात, आणि ग्राहकाने शेवटी हात जोडल्याची इमोजी टाकली की संदेशाची नोंद अडते किंवा तुटते. येथे ‘यूटीएफ८एमबी४’ वापरावे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू भाषक ग्राहक असल्याने एकाच सूचनेची चार टेम्प्लेट करून प्रत्येकासाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. उर्दू मजकुरात रक्कम व तारीख आली की उजवी-डावी दिशा तपासावी लागते.

कायदा व पर्याय : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहिती घेताना हेतू सांगणे व संमती घेणे सामान्यतः आवश्यक ठरवले आहे, हे बंधन माध्यमाच्या अटींखेरीजचे आहे. कोणा एका कंपनीवर न विसंबणारे ॲक्टिव्हिटीपब हे मानक २३ जानेवारी २०१८ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने शिफारस म्हणून प्रसिद्ध केले. मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम त्यावर चालते. चादरीचा गिऱ्हाईक मात्र व्हॉट्सॲपवर आहे, त्यामुळे येथील डेव्हलपरला त्याचा तूर्त उपयोग कमी. त्यापेक्षा ग्राहकांची यादी व ऑर्डरचा इतिहास संमतीने स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवणे आणि माध्यमाशी बोलणारा भाग उरलेल्या आज्ञावलीपासून वेगळा लिहिणे अधिक उपयोगी पडते. फेसबुकच्या ग्राफ एपीआयची (त्याच्या मुख्य एपीआयची) आवृत्ती साधारण दोन वर्षे चालते. हा भाग वेगळा असेल, तर आवृत्ती बदलताना तेवढाच बदलावा लागतो.