बोर्गुंडचं लाकडी चर्च कुजलं का नाही?

नॉर्वेतल्या बोर्गुंडच्या लाकडी चर्चचा फोटो अधूनमधून मोबाइलवर येतो. काळपट खवल्यांची एकावर एक चढलेली छपरं, टोकांना ड्रॅगनची मुंडकी आणि खाली ठरलेली ओळ: ‘एकही खिळा न मारता ८०० वर्षं उभं!’ दारांना लोखंडी बिजागऱ्या आहेत, पण सांधे मुख्यतः लाकडी खुंट्यांचे, हे खरं. तरी खिळ्यांच्या कौतुकात खरी करामत बाजूलाच राहते. लाकडाचा शत्रू खिळा नसतो, ओल असते. तिला या सुतारांनी कसं अडवलं, हे त्या फोटोखाली कधीच लिहिलेलं नसतं.

चर्चसाठी वापरलेल्या पाइनची काही झाडं ११८०-८१च्या हिवाळ्यात तोडलेली होती. लाकडातल्या वर्षवलयांवरून ही तारीख काढता आली. इमारत लहानशी, खेड्यापुरती. आत अंधार, कारण उजेडाला वाट फक्त छपराखालच्या छोट्या गोल भोकांची. मध्ययुगात लोक प्रार्थनेला उभेच राहत. पूर्वेला वेदी, बाप्तिस्म्यासाठी मऊ दगडाचं पात्र, बाकी सामान बेताचं. वेदीमागचं चित्रफलक बरंच नंतरचं, १६५४ चं. वाटसरूंनी लाकडावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत मजकूर कोरून ठेवलाय. त्यातला एक सांगतो की तो नॉर्वेच्या संत ओलाफच्या सणाच्या संध्याकाळी कोरला.

आता ओलीकडे वळू. लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. तिला अन्न, ऊब, हवा आणि पाणी, चारही लागतात. एक जरी तोडलं तरी तिचं काम बंद पडतं. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि पेशींच्या भिंतींत सेल्युलोजला चिकटलेलं. वाळताना आधी मोकळं पाणी जातं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी उरलं, की पोकळ्या रिकाम्या आणि भिंती मात्र भरलेल्या असतात. त्याहून खाली, २० टक्क्यांच्या आत उतरलं की बुरशी वाढूच शकत नाही. ती आपली विकरं बाहेर सोडून लाकूड पचवते, आणि त्या रसायनांना आत शिरायला पाण्याचीच वाट लागते.

जमिनीत पुरलेला खांब घ्या. खोल टोकाशी पाणी भरपूर, पण हवा नाही. वर हवा भरपूर, पण लाकूड कोरडं. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र दोन्ही मिळतं. म्हणून कुंपणाचा खांब नेमका तिथेच मोडतो. शिवाय लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. कापलेल्या टोकातून पाणी जितकं चटकन चढतं, तितकं बाजूने शिरत नाही. पुरलेला खांब हे उघडं टोक थेट ओल्या मातीत ठेवतो.

उत्तरेकडची जुनी लाकडी चर्चं अशीच पुरलेल्या खांबांची होती. नॉर्वेतल्याच उर्नेस आणि लोम इथल्या आजच्या चर्चखाली उत्खनन झालं, तेव्हा आधीच्या खांबांचे खड्डे सापडले. पुढच्या पिढ्यांनी खांब जमिनीतून वर काढला. आधी दगड मांडले, त्यांवर जाड तुळया आडव्या टाकून चौकट केली आणि खांब त्या चौकटीवर उभे केले. दगडावर आता लाकडाची बाजू टेकली, टोक नाही. भिंतीच्या उभ्या फळ्या खालच्या तुळईच्या खाचेत बसवल्या, म्हणजे त्यांचंही टोक मातीपासून सुटलं. बोर्गुंडला याच्या बाहेरून पडवी फिरवली आहे, त्यामुळे पागोळ्या मूळ भिंतीपासून लांब पडतात. पण खांब जमिनीत रोवलेला नसला की वाऱ्याने इमारत कलंडू शकते. त्यासाठी आत खांबांना जोडणाऱ्या तुळयांच्या मधे फुलीच्या आकाराचे आधार आणि कोपऱ्यांत वाकड्या लाकडाचे कोनाधार दिले. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण ती वारा पेलते.

लाकडाची निवडही तितकीच महत्त्वाची. पाइनच्या पेशींतून पाणी शेजारच्या पेशीत जातं ते सूक्ष्म छिद्रांमधून. प्रत्येक छिद्रात एक पडदा आणि त्याच्या मधोमध जाडसर चकती असते. खोडाचा गाभा तयार होताना या चकत्या सरकून छिद्रं बंद होतात, वर राळ बसते आणि पिनोसिल्विनसारखी बुरशीला मारक द्रव्यं साठतात. सालीलगतच्या लाकडात हे काहीच झालेलं नसतं, म्हणून ते लवकर कुजतं आणि गाभा टिकतो. वरून पाइनच्या मुळ्या-बुंध्यांपासून काढलेलं डांबर. चर्चचा काळा रंग त्याचाच.

हे ज्ञान एकट्या नॉर्वेचं नव्हे. आपल्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, तोही ओल तोडण्यासाठीच. उलट उदाहरण इंग्लंडमध्ये, एसेक्समधल्या ग्रीनस्टेडला. तिथल्या अकराव्या शतकातल्या चर्चच्या ओकच्या ओंडक्यांचे पाय कुजले होते. १८४८ मध्ये कुजका भाग कापून खाली विटांचा पाया घातला.

ड्रॅगनची मुंडकी वाईट शक्तींना दूर ठेवतात, असंही मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं. पण नॉर्वेतल्या बर्गन शहराजवळचं तसंच लाकडी फँटॉफ्ट चर्च १९९२ मध्ये कुणीतरी पेटवलं आणि ते जळून गेलं. आणि सगळीच लाकडी चर्चं अमर होती असंही नाही. नॉर्वेत ती हजाराहून जास्त असावीत, उरली २८. कित्येक कुजण्याआधीच पाडली गेली. १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये परगण्यातले तीन-दशांश लोक मावलेच पाहिजेत असं ठरवलं आणि छोट्या इमारतींवर संक्रांत आली. बोर्गुंडला १८६८ मध्ये शेजारी नवं चर्च झालं, पण जुनं पाडलं नाही. पुढे वारसा जपणाऱ्या एका संस्थेने ते १८७७ मध्ये विकत घेतलं.

२००१ ते २०१५ या काळात नॉर्वे सरकारने सर्व २८ चर्चची दुरुस्ती केली. त्यानंतरही डांबर दर काही वर्षांनी चढवावंच लागतं, आणि दक्षिणेच्या भिंतीला इतर बाजूंपेक्षा आधी, कारण उन्हाने ते तिथे लवकर झिजतं.