मावा, ढालकिडा आणि एक मिलिमीटर

पोळा झाला की आमच्या चोपडा तालुक्यात कपाशीला पाती-फुलं लागलेली असतात आणि पान उलटं केलं की मावा ही बारीक कीड दिसते. साध्या डोळ्यांना ती हिरवट-पिवळी पूड वाटते. मॅक्रो लेन्समधून, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्समधून, बघितलं की त्याच पुडीला सहा पाय फुटतात, पाठीच्या शेवटाला दोन बारीक नळ्या दिसतात आणि पानात खुपसलेली सोंडही.

लेन्स घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘किती मिलिमीटर फोकल लेंथची घेऊ? ६०, १०० की १८०?’ आकडा मोठा तितका किडा मोठा, असा त्याचा समज असतो. पण खरी मॅक्रो लेन्स ओळखायची ती १:१ या आकड्यावरून. १० मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र पडतं त्या पट्टीवरही, १० मिलिमीटरचाच उमटतो, हा त्याचा अर्थ. ६० ची असो की १८० ची, अशा बहुतेक लेन्स इथपर्यंतच नेतात. काही झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असा शिक्का असतो, पण त्या १:३ किंवा १:४ वरच थांबतात. त्यांना भुलू नका.

फरक पडतो तो अंतराचा. १:१ साठी ६० च्या लेन्सचं तोंड किड्याच्या १० सेंटिमीटरच्या आत न्यावं लागतं. १०० ला साधारण १४ सेंटिमीटर पुरतात, १८० ला २५ च्या आसपास. माव्याला त्याचं काही नाही, तो जागचा हलत नाही. पण फुलावरची मधमाशी किंवा बांधावरचा चतुर तेवढ्या जवळ थांबतो थोडाच! शिवाय लेन्सचीच सावली किड्यावर पडते. १८० ची लेन्स हातात धरून ओळीत वाकून बसणं अवघड, म्हणून शेतात फिरणाऱ्याला मी १०० च्या आसपासचीच सांगतो.

खरी परीक्षा पुढे आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १:१ ला, एफ ८ ठेवून (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक), फोटोत स्पष्ट येणारा थर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असतो. लेन्स बदलून तो वाढत नाही. मग छिद्र आणखी बारीक करावं, एफ २२ लावावं, असं वाटतं. मीही तेच करायचो आणि फोटो मऊ का येतात ते कळायचं नाही. लेन्स इतक्या जवळ फोकस करते तेव्हा एफ ८ चा परिणाम एफ १६ सारखा होतो, म्हणजे प्रकाश चौपट कमी. एफ २२ तर एफ ४५ च्या जवळ जातो. एवढ्याशा छिद्रातून जाताना प्रकाश कडांवरून वळून पसरतो आणि बारीक केस, डोळ्यांच्या जाळ्या पुसट होतात. एफ ८ ते ११ ठेवा आणि किड्याचं अंग कॅमेऱ्याला समांतर येईल असं बसा. डोळे आणि पाठ त्या एका थरात आली की फोटो साधला. फोकसची रिंग फिरवत बसू नका, ती एकदा लावून ठेवा आणि स्वतःच केसभर पुढे-मागे व्हा.

कमी झालेला प्रकाश भरून काढायला फ्लॅश लागतो. त्याच्यापुढे बटर पेपर धरला की किड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडत नाही. वारा मात्र कुणाला आवरता येत नाही. पहाटे तो पडलेला असतो आणि गारठ्याने किडेही सुस्त असतात. ऊन चढलं की दोन्ही सवलती संपल्या.

लेन्सला पैसे नसतील तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ती काच नसलेली पोकळ नळी असते. ५० च्या लेन्समागे २५ मिलिमीटरची लावली की निम्म्या आकारापर्यंत जाता येतं, ५० ची लावली की १:१.

गेल्या वर्षी अशाच एका पानावर मला काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली, छोट्या मगरीसारखी. शेजारच्या शेतातले आबा औषधाचा पंप पाठीला लावून उभे होते. स्क्रीनवर बघत म्हणाले, “हाई काय शे?” मी फोटो मोठा केला. अळीच्या तोंडात मावा होता, त्याचे पाय अजून हलत असल्यासारखे बाहेर आलेले. ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. ढालकिडा आबांच्या ओळखीचा होता, पण तीच जात लहानपणी अशी दिसते हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पंप बांधावर ठेवला आणि ओळीतलं पुढचं पान उलटं केलं.