हातचं राखून सांगितलेली चोरी

बेलाजिओ, मिराज आणि एमजीएम ग्रँड. लास व्हेगासच्या या तीन कसिनोंची रोकड जमिनीखालच्या एकाच तिजोरीत जमते आणि मुष्टियुद्धाच्या रात्री तिथे १६ कोटी डॉलर असतात. अकरा जण मिळून ते पळवतात. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या २००१ सालच्या ‘ओशन्स इलेव्हन’ची गोष्ट एवढीच. पैसे टोळीच्या हाती लागणार, हे पोस्टरवरचे जॉर्ज क्लूनी आणि ब्रॅड पिट पाहूनच कळतं. तरी माणूस दोन तास खुर्चीला खिळून राहतो. (पुढे सगळं रहस्य फोडलं आहे. इतक्या वर्षांनी त्याचा दोष मला देऊ नये.)

दरोडापटांचा एक अलिखित नियम आहे. बेत प्रेक्षकांना आधीच इत्थंभूत सांगितला, तर तो हमखास फसतो. हातचं राखून सांगितला, तर तडीस जातो. कारण सरळ आहे. जे ऐकलं तेच पडद्यावर जसंच्या तसं घडलं, तर पाहायचं काय?

पण त्याआधी अकरा माणसं प्रेक्षकाच्या लक्षात राहायला हवीत. आपण एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मनात खेळवू शकतो, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांचं म्हणणं आहे. चित्रपट यावर तोड काढतो: प्रत्येक भिडूला एक कसब आणि एक तऱ्हा. स्फोटकांचा जाणकार, अंग दुमडून पेटीत बसणारा कसरतपटू, सतत एकमेकांशी भांडणारे दोघे भाऊ. घोळक्यात वेगळं दिसणारं चटकन स्मरणात राहतं, हे मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. शिवाय निम्मे चेहरे आपल्या आधीच ओळखीचे. एवढे तारे एका चित्रपटात गोळा करणं ही मला म्हणूनच नुसती श्रीमंती वाटत नाही. त्याने प्रेक्षकाच्या डोक्यावरचा भार हलका होतो.

आता खरी चलाखी. टोळी त्या तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभारते. कशासाठी? सरावासाठी, असं आपणच ठरवून टाकतो. पुढे कसिनोमालक टेरी बेनेडिक्ट कॅमेऱ्याच्या पडद्यावर चोरी होताना पाहतो, आपणही पाहतो. प्रत्यक्षात ते त्या प्रतिकृतीत आधीच केलेलं चित्रीकरण असतं. चोरांना पकडायला आलेली सशस्त्र तुकडी म्हणजे टोळीच, आणि पैसे त्यांच्याच पिशव्यांतून बाहेर जातात. आपल्याशी कोणी खोटं बोललेलं नसतं. रिकाम्या जागा आपल्याच मेंदूने भरलेल्या असतात.

असं गुपित फुटतं तेव्हा आठवणींचं काय होतं? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ‘द सिक्स्थ सेन्स’ दाखवला. काहींना त्यातलं रहस्य सुरुवातीलाच सांगितलं होतं, काहींना ते शेवटी कळलं. नंतर एफएमआरआय या मेंदूतल्या घडामोडी टिपणाऱ्या यंत्रात त्यांना प्रसंग आठवून सांगायला लावले. ज्यांना शेवटी कळलं होतं, त्यांच्या मेंदूतले आठवणींचे नमुने काही भागांत आधीपासून रहस्य ठाऊक असलेल्यांच्या नमुन्यांकडे झुकलेले दिसले. म्हणजे पाहून झालेले प्रसंगही मागाहून नव्या अर्थाने मांडले जातात.

या चित्रपटात आणखी एक पदर आहे. टोळीचा म्होरक्या डॅनी (क्लूनी) आणि त्याचा जोडीदार रस्टी (पिट) यांचं डॅनीच्या घटस्फोटित बायकोवरून बिनसतं, डॅनीला कामातून काढलं जातं आणि नवखा लायनस हे सगळं खरं मानतो. ते नाटक असतं. डॅनीला माहीत आहे की रस्टीला हवं आहे की लायनसला वाटावं की डॅनी आता टोळीत नाही: तीन मनांची ही उतरंड, आणि ती समजून घेणारे आपण चौथे. चार-पाच पायऱ्यांपलीकडे बहुतेकांचा गोंधळ उडू लागतो, असं मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं आहे. दिग्दर्शक आपल्याला बरोबर त्या काठावर नेऊन ठेवतो. आणि टोळीत आपल्याइतकाच अंधारात असलेला एक माणूस हवाच, तो लायनस.

भौतिकशास्त्र मात्र विसरायचं. शहराची वीज घालवणारं ‘पिंच’ नावाचं यंत्र टोळी व्हॅनमधून नेते. झेड-पिंच ही खरी संकल्पना आहे: विद्युतप्रवाहाच्या स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्रामुळे प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, दाबला जातो. पण अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतलं झेड यंत्र सुमारे ३३ मीटर व्यासाचं आहे, आणि शहर अंधारात बुडवणं हे त्याचं काम नव्हे.

शेवट आधी कळला की गोडी जाते, हेही तितकंसं खरं नाही. मानसशास्त्रज्ञ लेविट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांच्या २०११ च्या प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा उलट किंचित जास्त आवडल्या. पुढे काहींना याविरुद्ध निष्कर्ष मिळाले. वाद चालू आहे. दरोडापटांपुरता मी पहिल्या बाजूला आहे. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष ‘पुढे काय’ यावर नसतं, दिग्दर्शक काय लपवतोय यावर असतं. टेरीलाही ते उशिरा दिसतं: तिजोरीच्या फरशीवर नुकतंच बसवलेलं ‘बेलाजिओ’ हे नाव पडद्यावरच्या चित्रीकरणात नाहीच.