तोंडातले जिवाणू: काचेच्या बशीपासून लाळेतल्या डीएनएपर्यंत

नळीत थोडे थुंकायचे, झाकण घट्ट लावायचे आणि नळी प्रयोगशाळेत पाठवायची. एखाद्याच्या तोंडात कोणकोणते जिवाणू राहतात हे शोधण्याची आजची पद्धत इतकी सोपी आहे. लाळेला असा मान मिळायला मात्र तीनशेहून अधिक वर्षे लागली. तोंडातले जिवाणू ज्याने पहिल्यांदा पाहिले, त्यालाही लाळ रिकामीच वाटली होती.

१७ सप्टेंबर १६८३ रोजी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आंतोनी फान लेव्हेनहूकने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. हा कापडाचा व्यापारी आपली भिंगे स्वतः घडवत असे. रोज मिठाने दात घासूनही फटींमध्ये भिजवलेल्या पिठासारखे पांढरे किटण साचते, हे त्याच्या लक्षात आले होते. ते पावसाच्या स्वच्छ पाण्यात, किंवा बुडबुडे नसलेल्या लाळेत कालवून त्याने भिंगाखाली धरले, तर त्यात बारीक जीव झपाझप फिरत होते. एका म्हाताऱ्याची लाळ त्याने तपासली, तीत काहीच आढळले नाही. त्याच माणसाच्या दातांवरच्या किटणात मात्र जीवांची झुंबड होती. व्हिनेगरने दात धुतले की किटणाच्या वरच्या थरातलेच जीव मरतात, आतल्यांपर्यंत ते पोचत नाही, हेही त्याने नोंदवले. त्या पत्रातले हे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. तोंडातले जिवाणू सुटेसुटे नसतात, एकमेकांना चिकटून थर करून राहतात आणि त्या थरामुळेच टिकतात, ही गोष्ट पुढे दंतवैद्यकाच्या केंद्रस्थानी आली.

त्यानंतरची दोनशे वर्षे या बाबतीत फारसे काही घडले नाही. मग बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने काढलेले दात लाळेत ठेवले, त्यात पाव किंवा साखर घातली आणि मिश्रण शरीराइतके उबदार ठेवले. दातांचे कवच विरघळू लागले. लाळ आधी उकळून घेतली, की तसे होत नसे. म्हणजे लाळेत काहीतरी जिवंत होते आणि ते साखरेचे आम्ल करत होते. १८९० साली मिलरने हे सगळे ग्रंथरूपाने मांडले. दात किडण्याची आजची उपपत्ती त्याच पायावर उभी आहे.

पण नेमका कोणता जिवाणू? हे ठरवायचे तर तो वेगळा काढून काचेच्या बशीत वाढवावा लागे. १९२४ मध्ये लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकोकस म्युटान्स असा वेगळा काढला. अडचण अशी होती की सूक्ष्मदर्शकातून जितके प्रकार दिसत, त्यातले कितीतरी बशीत उगवतच नसत. कुणाला हवेतला ऑक्सिजन मारक ठरे, कुणाला शेजारच्या जिवाणूने तयार केलेले अन्न लागे. त्यामुळे वर्षानुवर्षे ज्याला 'तोंडातले जिवाणू' म्हटले गेले, ते खरे तर बशीत वाढायला राजी असलेले जिवाणू होते.

ही कोंडी फोडणारे काम दंतवैद्यकाबाहेर झाले. सगळ्या सजीवांचे वंशवृक्ष मांडण्यासाठी अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी रायबोसोममधल्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतल्या, आरएनएच्या तुलनेचा मार्ग धरला आणि १९७७ मध्ये त्यातून जीवसृष्टीची एक नवी शाखाच पुढे आली. जिवाणूंमध्ये या आरएनएचे जनुक, १६एस, सुमारे १,५०० अक्षरांचे असते. त्याचे काही भाग जवळजवळ सगळ्यांत सारखे असतात, काही भाग प्रकारागणिक बदलतात. सारख्या भागांना धरून पीसीआर या डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने प्रती काढायच्या आणि बदलणाऱ्या भागांवरून मालक ओळखायचा. जिवाणू वाढवण्याची गरजच उरली नाही.

१९९० च्या दशकात बॉस्टनच्या फोरसाइथ संस्थेत सिग्मंड सोक्रान्स्की यांनी डीएनएचे ठरावीक तुकडे वापरून हिरड्यांखालचे हजारो नमुने तपासले. हिरड्यांच्या गंभीर आजारात तीन जिवाणू एकत्र सापडतात, हे १९९८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले. ते तिघे 'लाल गट' म्हणून आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण या पद्धतीत ज्याची विचारणा केली तोच सापडे. १६एसने अनोळखीही पकडता येऊ लागले. १९९९ मध्ये डेव्हिड रेल्मन आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाच्या हिरडीखालचा नमुना बशीत वाढवून आणि १६एस वाचून अशा दोन्ही वाटांनी तपासला, तेव्हा बशीपेक्षा डीएनएने जास्त विविधता दाखवली. २०१० मध्ये फोरसाइथच्याच संशोधकांनी केलेल्या मोजदादीत तोंडातले ६१९ प्रकार नोंदले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांना नावही नव्हते, नुसता क्रमांक होता.

अशा निनावी गटांपैकी टीएम७ची हकिगत सांगायलाच हवी. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या एका दलदलीच्या मातीत त्याचा डीएनए प्रथम आढळला. पुढे तो माणसाच्या तोंडातही दिसू लागला, पण जिवाणू काही हाती लागेना. २०१५ मध्ये तोंडातला टीएम७ अखेर प्रयोगशाळेत वाढला, तोही एकटा नव्हे, ॲक्टिनोमायसिस जातीच्या दुसऱ्या जिवाणूच्या अंगावर चिकटलेला! इतका लहान, की अमिनो आम्ले स्वतः बनवण्याची जनुकेही त्याच्याकडे नाहीत. डीएनएचा माग नसता, तर त्याला शोधायचे कुणाच्या मनातही आले नसते.

आता लाळ. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, पण त्यातले जवळपास सगळे जीभ, गाल आणि दातांवरून सुटून आलेले. नमुना घ्यायला सुई नको, दंतवैद्य नको, त्यामुळे मोठ्या पाहण्यांसाठी लाळच सोयीची ठरली. २००९ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने जगातल्या १२ ठिकाणच्या प्रत्येकी १० जणांची लाळ तपासली. एकाच ठिकाणच्या दोघांमध्ये जेवढा फरक, जवळपास तेवढाच तो दूरदेशीच्या दोघांमध्येही निघाला.

या सोयीची किंमत मात्र विसरू नये. लाळेतली वस्ती जिभेवरच्या वस्तीशी बरीच जुळते, किटणाशी कमी. हिरडीच्या खोल खाचेत काय चालले आहे, ते लाळेवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय डीएनए मेलेल्या जिवाणूचाही मोजला जातो. जाड भिंतीच्या जिवाणूंना बारीक मण्यांसोबत जोराने हलवून फोडावे लागते. हे नीट केले नाही, तर ते अहवालात कमी दिसतात. म्हणून थुंकीच्या एका नळीवरून आरोग्याचे भाकीत करणाऱ्या अहवालांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

लाळेत माणसाच्या स्वतःच्या पेशीही असतात. नमुन्यातला सगळा डीएनए वाचला, तर त्यातला मोठा वाटा माणसाचाच निघतो. जिवाणूंच्या अभ्यासकांना ही कटकट वाटे, तर माणसाची जनुके वाचण्यासाठी लाळ जमवणाऱ्यांना जिवाणूंचा डीएनए म्हणजे केर. आता एकाच नळीतून दोन्ही वाचून त्यांची सांगड घालता येते. लाळेतल्या अमायलेज या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती कुणाकडे दोन-चार, तर कुणाकडे दहाहून अधिक असतात. ज्यांच्याकडे जास्त प्रती, त्यांच्या लाळेत पॉर्फिरोमोनास गटाचे जिवाणू जास्त आढळले, असे २०१९ च्या एका अभ्यासात दिसले. तोंडात कोण राहणार हे घासण्या-खाण्याच्या सवयींइतकेच वारशावरही किती अवलंबून आहे, याचा हिशेब आता या नळ्यांमधूनच मांडला जातो आहे.