बी.एड.पुरती राहिलेली ३६ मिनिटे

शाळेत शिकवायचे तर ट्रेनिंग हवे, कॉलेजात शिकवायचे तर विषय आला की झाले: ही वाटणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी विचारतही नाही. बडोद्यात ती जास्तच खटकते, कारण शिकवणे सुधारण्याचे एक चांगले साधन इथल्याच विद्यापीठाच्या आवारात घडले.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १८८१ च्या बडोदा कॉलेजातून १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. त्याच्या शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र विद्याशाखेतले 'केस', म्हणजे सेंटर ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन, १९६० च्या दशकातले. स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमारास निघालेल्या सूक्ष्म अध्यापनावर, म्हणजे छोट्या गटापुढे छोटा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव करण्याच्या पद्धतीवर, केसमध्ये बी. के. पस्सी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात काम केले. पाठ टिपणारी व्हिडिओ यंत्रणा परवडणारी नव्हती, शाळेतली मुले हवी तेव्हा मिळत नव्हती. म्हणून सहाध्यायीच विद्यार्थी झाले आणि कॅमेऱ्याच्या जागी निरीक्षकाचा नोंदतक्ता आला.

त्यातून रूढ झालेले भारतीय चक्र ३६ मिनिटांचे: ६ मिनिटे पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणे), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. समोर पाच ते दहा जण आणि एका वेळी एकच कौशल्य. स्पष्टीकरण, फलकलेखन किंवा उत्तर अर्धवट आल्यावर पुढचा प्रश्न विचारणे. यात सर्वांत मोठा वाटा शिकवण्याला नाही, पुन्हा आखण्याला आहे. घाईत नेमकी तीच १२ मिनिटे कापली जातात आणि दुसरा पाठ पहिल्याची नक्कल होतो. दुसरी अडचण सहाध्याय्यांची: त्यांना उत्तरे आधीच माहीत असतात, त्यामुळे प्रश्न खरोखर कळला की नाही याची परीक्षाच होत नाही. हे सगळे बी.एड.च्या प्रात्यक्षिकात राहिले. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या नव्या व्याख्यात्याला याचा स्पर्शही सहसा झाला नाही.

कॉलेज-शिक्षकांसाठी देशव्यापी व्यवस्था आली ती १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. नव्या शिक्षकांसाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन, विषयाच्या उजळणीसाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. अभ्यासक्रम वाईट नव्हते. पण ते पदोन्नतीला जोडले गेले आणि प्रमाणपत्र हेच फळ ठरले. परत आलेल्या शिक्षकाचा तास कोणी पाहिला नाही. आयोगाच्या २०१० च्या नियमांतल्या एपीआय गुणांनी, म्हणजे शिक्षकाच्या कामगिरीला आकड्यांत मोजणाऱ्या गुणांनी, ही हिशेबी वृत्ती आणखी वाढवली. पुढे या स्टाफ कॉलेजांची नावे बदलली: मानव संसाधन विकास केंद्र, आणि २०२३ पासून मालवीय मिशन.

तास पाहणार कोण, हा प्रश्न म्हणूनच नेतृत्वाचा आहे. अध्यापन-नेतृत्वाची कल्पना १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेतल्या शाळांच्या अभ्यासातून आली. मुख्याध्यापकाने ध्येय स्पष्ट करावे, अध्यापनावर लक्ष ठेवावे, शिकण्याचे वातावरण जपावे, अशी तिची मांडणी. विद्यापीठात ती जशीच्या तशी बसत नाही. अनेक ठिकाणी विभागप्रमुखपद मुदतीने फिरते. आज ज्याचा तास पाहायचा तोच उद्या प्रमुख. मग कोणी कोणाच्या वर्गात पाऊल टाकत नाही आणि मूल्यमापन सत्राअखेरच्या विद्यार्थी-प्रतिसादाच्या फॉर्मवर सोपवले जाते. तोवर ती तुकडी पुढे गेलेली असते.

ज्या विभागांना हे बदलायचे आहे त्यांना जुन्या चक्राचा सांगाडा पुरतो. तासाआधी पंधरा मिनिटे बसून काय पाहायचे ते शिक्षकानेच ठरवावे, आणि एकच गोष्ट ठरवावी. पाहणाऱ्याने मागच्या बाकावर बसून शेरे न लिहिता मोजणी करावी: किती प्रश्न विचारले, उत्तरासाठी किती सेकंद थांबले, कोणत्या रांगेतून उत्तरे आली. चर्चा दोन दिवसांच्या आत व्हावी आणि दोन-तीन आठवड्यांनी तीच गोष्ट पुन्हा पाहावी. नोंदीचा कागद शिक्षकाकडेच राहावा. तो पदोन्नतीच्या फाइलला लागला की दुसऱ्या खेपेपासून दाखवण्यापुरते तास सुरू होतात.