पाने वाटण्याचा क्रम

मेंढीकोटाच्या डावात चौघांपुढे आळीपाळीने पान पडते. लिनक्स सर्व्हरवर चार डिस्क एकत्र जोडून ‘रेड झीरो’ केले (रेड म्हणजे अनेक डिस्क एक संच म्हणून वापरण्याची पद्धत, झीरो हा तिचा एक प्रकार) की फाइलचेही तसेच होते. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, पाचवा पुन्हा पहिलीवर. या तुकड्याला चंक म्हणतात. असे संच बांधणाऱ्या एमडीअ‍ॅडम या लिनक्सच्या साधनाला आपण काही सांगितले नाही, तर ते ५१२ किलोबाइटचा चंक धरते.

मोठा व्हिडिओ वाचायचा असला की चारही डिस्क एकदम कामाला लागतात आणि वेग जवळपास चौपट होतो. चार किलोबाइटच्या एकट्या नोंदीला मात्र याचा काही उपयोग नाही. ती एकाच चंकमध्ये मावते. शिवाय मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातोच. तो कोणत्याही वाटपाने वाचत नाही.

पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीहून रेडची कल्पना मांडली, तेव्हा पातळ्या एक ते पाच अशाच होत्या. शून्य नंतर आले, आणि नाव अगदी योग्य पडले, कारण यात जादा प्रत शून्य. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता तीन टक्के धरली, तर चारांपैकी निदान एक बिघडण्याची शक्यता साडेअकरा टक्के होते, आणि एक गेली की सगळेच जाते. म्हणून पुन्हा तयार करता येईल असाच डेटा इथे ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मला खरे महत्त्वाचे वाटते ते वाटपाच्या क्रमाचे. एमडीअ‍ॅडम प्रत्येक डिस्कवर एक छोटी नोंद ठेवते: चंक केवढा, ही डिस्क कितवी. त्यामुळे केबलींची अदलाबदल झाली तरी संच बरोबर जुळतो. पण डिस्क लहानमोठ्या असतील तर? सर्वांत लहान डिस्क भरली की उरलेल्या जागेचा नवा विभाग सुरू होतो आणि पुढची पाने राहिलेल्या तिघींतच वाटली जातात. या पुढच्या विभागांतला क्रम २०१४ साली आलेल्या ३.१४ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) नकळत बदलला. डिस्क धडधाकट, एकही बाइट हरवलेला नाही, तरी जुन्या कर्नलने लिहिलेला चंक नवा कर्नल भलत्याच डिस्कवर शोधू लागला. आणि कोणत्या क्रमाने लिहिले, एवढीच गोष्ट त्या नोंदीत नव्हती!

ही चूक २०१९ मध्ये उघडकीला आली. तेव्हापासून, म्हणजे ५.४ पासून, कर्नल असा संशयास्पद संच जोडायलाच नकार देतो. जुना क्रम की नवा, हे चालवणाऱ्याने सांगावे लागते. मला हा नकार फार शहाणपणाचा वाटतो, कारण अंदाजाने जोडून त्यावर लिहिले असते तर चांगला डेटाही पुसला गेला असता. अशा वेळी संच फक्त वाचण्यापुरता माउंट करून, जुन्या मोठ्या फाइली धड उघडतात का ते पाहावे. ज्यांनी एकाच संचावर दोन्ही कर्नलखाली लिहिले, त्यांच्या डिस्कवर दोन्ही क्रम मिसळलेले असतात. त्यांना डेटा बॅकअपवरूनच परत आणावा लागतो.