पिनोटाज कशाबरोबर प्यावी आणि का

पिनोटाजचं नाव काढलं की लोक आधी वासाबद्दल बोलतात, कुणाला पिकलेल्या केळ्याचा वास येतो, कुणाला थेट नेलपॉलिशचा, आणि मग ही साऊथ आफ्रिकन रेड वाईन नकोच म्हणून सोडून देतात. मला हे खरंच पटत नाही. तो वास म्हणजे मुख्यतः आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन, केळ्याच्या इसेन्समध्ये असतं तेच, आणि ते यीस्ट बनवतं, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करता करता यीस्ट असली एस्टर नावाची सुवासिक रसायनंही तयार करत असतं. नव्या, न मुरलेल्या पिनोटाजमध्ये ते जास्त असतं, बाटलीत वाईन मुरत गेली की तुटत जातं. म्हणून दोन-तीन वर्षं मुरलेली बाटली घ्या, फरक कळेल.

ही वाईन ज्या द्राक्षाची, त्याचंही नाव पिनोटाजच, आणि ते मुळात माणसाने जुळवून आणलेलं आहे. 1925 मध्ये स्टेलेनबॉश विद्यापीठातले प्रोफेसर अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो या द्राक्षांच्या दोन जातींचा संकर केला, पहिलं चवीला सुरेख पण वाढवायला अवघड, दुसरं काटक. बिया मिळाल्या चार! त्या त्यांनी घराच्या बागेत लावल्या आणि 1927 मध्ये नोकरी बदलून निघून गेले, बागेत रान माजलं, साफसफाईत ती रोपं जाणारच होती पण चार्ली नीहाउस या तरुण लेक्चररने ती वाचवली. पुढे 1959 ची पिनोटाज केपच्या, म्हणजे तिथल्याच वाईनच्या प्रांतातल्या, स्पर्धेत पहिली आली आणि 1961 मध्ये लान्झेराक या ब्रँडच्या लेबलवर हे नाव पहिल्यांदा झळकलं.

आता खाण्याचं. पिनोटाजची साल जाड, त्यामुळे टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, भरपूर. जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, तसंच इथे होतं, टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. पण तोंडात मांस असेल तर टॅनिनला चिकटायला दुसरं प्रोटीन आणि चरबी मिळते, लाळ सुटते, आणि तीच वाईन एकदम मऊ लागते. बरं, मिठाने कडवटपणाही कमी जाणवतो. म्हणूनच तिकडे ब्राय, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर मांस भाजायचा कार्यक्रम, असला की पिनोटाज हवीच. बुरवोर्स हा त्यांचा धणे-लवंग-जायफळ घातलेला सॉसेज, त्यात कायद्याने किमान 90 टक्के मांस लागतं आणि चरबी 30 टक्क्यांपर्यंत चालते, टॅनिनला यापेक्षा चांगली जोडी कुठली! आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की लाकूड तापलं की त्यातलं लिग्निन तुटून ग्वायकॉल तयार होतं, धुराचा वास बराचसा त्याचा, आणि वाईन मुरवायची ओक लाकडाची पिंपं आतून भाजतात तेव्हाही तेच तयार होऊन वाईनमध्ये उतरतं. म्हणजे मांसावरचा धूर आणि ग्लासातला धूर रसायन म्हणून एकच.

माशाबरोबर मात्र जपून. रेड वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी रिअ‍ॅक्ट होतं आणि उग्र वास सुटतो.

बोबोटी म्हणजे केप मलय लोकांचा मसालेदार खिमा, वर अंड्याचा थर, आत मनुका आणि बऱ्याचदा जर्दाळूचा जॅम, हा गोडसर पदार्थ खाऊन वाईन प्यायली तर ती जास्त आंबट लागते, त्यामुळे इथे फळांची चव पुढे असलेली, कमी टॅनिनची पिनोटाज घ्यावी.

आणि आपल्यापैकी कुणी तांबड्या रश्श्याबरोबर ट्राय करणार असेल तर हे ऐका. तिखटाची आग टीआरपीव्ही1 नावाच्या रिसेप्टरमुळे, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रोटीनमुळे जाणवते, हा खरं तर उष्णता ओळखणारा रिसेप्टर, साधारण 42 डिग्रीला जागा होणारा, अल्कोहोल असलं की तो 34 च्या आसपासच जागा होतो, म्हणजे शरीराच्या तापमानालाच भाजल्यासारखं वाटतं. पिनोटाजमध्ये अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे रश्श्याची आग वाढणारच. त्यापेक्षा सुकं मटण करा, मिरची बेताची ठेवा, आणि बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडा.